सात वस्त्यांपैकी एकच धरायचीय, कशी निवडायची?

फौंड्रीवाला_शिरोली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आम्ही कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली सहा जणं, कुणाचं मशीनशॉप, कुणाची छोटी फौंड्री. दरवर्षी काही ना काही वाटप करतोच, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर चटया, पाण्याच्या बाटल्या, फरसाणची पाकिटं असं ट्रकनं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या चटया कुठं गेल्या ते आजपर्यंत कळलेलं नाही. यंदा बसून ठरवलं की वाटप बास, शहरातली एकच वस्ती धरायची आणि तीन वर्षं तिथंच राहायचं. पैसे वर्षाला ६ लाखाच्या आसपास जमतील. हे सीएसआर (कंपन्यांनी कायद्यानं करायचा समाजखर्च) वगैरे नाही हां, त्या कायद्याची ५ कोटी नफ्याची अट वाचून आम्ही सगळे हसलो, खिशातलेच पैसे आहेत.

अट एकच घातलीय, काम काय करायचं ते वस्तीतल्या लोकांनी ठरवायचं, आम्ही नाही.

पण वस्ती कुठली, इथंच घोडं पेंड खातंय. राजेंद्रनगरच्या बाजूच्या, सदर बाजार-विचारे माळाकडच्या आणि नदीच्या अंगाच्या अशा मिळून सात जागा काढल्यात. नेमकी नावं मुद्दाम लिहीत नाही, उद्या कुणीतरी स्क्रीनशॉट फिरवायचं. माझ्या पोरानं एक्सेल केलंय. पक्की घरं किती, संडास घरात का सार्वजनिक, नळाला पाणी किती वेळ, शाळा सुटलेली पोरं, कमावती माणसं, असे पाच कॉलम, प्रत्येकाला १० मार्क, जितकं वाईट तितके मार्क जास्त. एका वस्तीला ५० पैकी ४३ पडलेत, दुसरीला ४१, शेवटचीला २२.

पोरगं म्हणतंय सरळ हिशोब आहे पप्पा, ४३ वाली घ्या. मला मात्र गणित बरोबर आणि उत्तर चूक असं काहीतरी वाटायलंय, का ते सांगता येईना. जाणकारांनी सांगा.

निवृत्त_ड्रेनेजवाला

एका महापालिकेत ३१ वर्षं ड्रेनेजच्या कामात काढली, कुठली ते विचारू नका. तुमच्या पोरानं मेहनत केलीय, पण पहिला कॉलमच गायब आहे. जमीन कुणाची?

सातही जागांचा सिटी सर्व्हेचा उतारा काढा, नाहीतर सातबारा. सरकारी जागा, महापालिकेची जागा, देवस्थानची इनामी जागा आणि खाजगी मालकाची जागा, या चार ठिकाणी तेच गटार बांधायला चार वेगळे खेळ खेळावे लागतात. मग बघा की १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली ती वस्ती घोषित आहे का. घोषित असेल तर सरकारी योजनेचा पैसा तिथं येऊ शकतो आणि तुमच्या १८ लाखाला जोड मिळते. अघोषित असेल तर तुम्ही एकटे.

आणि तुमच्या यादीत गुंठेवारीतली एक तरी जागा आहे का? नसणार. लोकांना वाटतं गरीब म्हणजे पत्र्याची झोपडी. शहराच्या कडेला शेतातले गुंठे पाडून स्टॅम्पपेपरवर विकलेत, तिथं गवंडी, हमाल, सेंट्रिंगवाले अशी माणसं कर्ज काढून दोन खोल्या बांधून राहिलीत. घर पक्कं म्हणून तुमच्या एक्सेलमध्ये मार्क कमी, झोपडपट्टी नाही म्हणून झोपडपट्टीची योजना नाही, आणि लेआउट मंजूर नाही म्हणून रस्ता नाही, गटार नाही. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतलीत, पण नियमित करून घ्यायला शुल्क भरायचं, नकाशा करायचा, ते एकट्या हमालाला झेपत नाही. पन्नास घरांनी मिळून केलं तर झेपतं. म्हणजे तुमची २२ मार्कवाली वस्ती कदाचित सगळ्यात जास्त काम होण्यासारखी असेल.

दुसरं, ती ४३ वाली नाल्याच्या किंवा नदीच्या काठाला आहे का? माझा अंदाज, असणार. निळ्या रेषेच्या आत आहे का ते नगररचनाच्या नकाशावर बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत पक्कं काही बांधायला गेलात तर परवानगी मिळणार नाही, आणि गुपचूप बांधलंत तर पंचगंगा आहेच. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका. तुमचे मार्क पण ४३ च आले, गंमत बघा.

नाद_न्हाय_करायचा

काका एकदम करेक्ट 👏 पण भावा तू मला एक सांग, तुझ्या पोरानं ते आकडे आणले कुठनं? वस्तीत जाऊन का कुणाला तरी फोन लावून? कारण आमच्याकडं सर्वे करायला कोण आलं की पयला माणूस भेटतोय तो ठरलेला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, "या या साहेब बसा", च्या मागवणार आणि सगळी वस्ती माझ्या शब्दाबाहेर न्हाई म्हणून सांगणार. तो सांगेल ते आकडे, तो दाखवेल ती गल्ली. त्याला सोडून आत जायला लागतंय आणि त्याला दुखवून बी चालत न्हाई, असली ती कसरत हाय.

आणि वस्ती वस्ती काय करालाय सगळे, वस्ती एक नसतीय. बाहेरनं बघितलं तर एक बोर्ड, आत तीन गल्ल्या, दोन मंडळं, एक तालीम, आणि त्यातली दोन मंडळं गेल्या गणपतीत डॉल्बीवरनं भिडलेली. तू १८ लाख घेऊन मधी उभारलास की पयला प्रश्न, ह्यो कुणाच्या बाजूचा? महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, मग पाच वर्षं प्रशासक, तेवढ्यात वस्तीवस्तीत भावी नगरसेवक असले उगवलेत काय सांगू. एखाद्याला वाटंल तूच उभारणार हाईस.

फौंड्रीवाला_शिरोली

@नाद_न्हाय_करायचा हसू नका, पण मला एकानं खरंच विचारलं, कुठल्या चिन्हावर? आकडे निम्मे जाऊन आणलेत, निम्मे फोनवर.

@निवृत्त_ड्रेनेजवाला काका, होय, ४३ वाली नाल्याकडेलाच आहे. मग ती सोडून द्यायची का? तिथंच तर सगळ्यात हाल आहेत.

निवृत्त_ड्रेनेजवाला

सोडायची असं म्हणत नाही. तिथं सिमेंटचं काम करू नका एवढंच म्हणतोय. पाणी चढलं की उचलून नेता येईल असलं काम करा. कागदपत्रं लॅमिनेट करून, फोनमध्ये फोटो काढून, एका प्लास्टिकच्या डब्यात. घरात वर पत्र्याखाली मजबूत माळा, म्हणजे गहू-तांदूळ आणि पोरांची दप्तरं तरी वाचतील. कुठल्या घरातली म्हातारी आधी हलवायची, कुठल्या गाडीतनं, याची यादी जूनच्या आधी. सुतारवाड्यातल्या लोकांना पूर आला की चित्रदुर्ग मठात हलवतात, त्यांना जाऊन विचारा, काय न्यायचं आणि काय राहून जातं ते त्यांच्याइतकं कुणाला माहिती नाही.

बांधकाम जिथं करणार तिथं मात्र एक काम आधी करा. सकाळी ७ ला, सगळे संडासला-आंघोळीला असतात तेव्हा, वस्तीच्या जवळच्या मेन लाईनच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा, माणूस आत उतरवायचा नाही, वरनंच बघायचं. पाणी पळतंय का तुंबून उभं आहे. मग गवंड्याची ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरून, एक टोक वस्तीतल्या शेवटच्या घराच्या उंबऱ्याला आणि दुसरं चेंबरला. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला थांबतं, त्यावरनं उंची कळते. घराचं गटार चेंबरमधल्या लाईनपेक्षा उंच असेल तर काम होणार, नसेल तर देव आला तरी पाणी वर चढत नाही.

हे मी का सांगतोय? माझ्याच नोकरीत, एका गावात, २० सीटचं सार्वजनिक शौचालय झालं. निम्मं बायकांना, निम्मं पुरुषांना, टाईल्स, आरसे, फीत कापली, फोटो. नळी कुणी लावली नव्हती. आउटलेट मेन लाईनच्या हातभर खाली. टाकी तीन महिन्यांत भरली, उपसायची गाडी दोनदा आली, मग कुलूप. मी त्याच्या फाईलवर सही केलेला ज्युनिअर होतो. अजून त्या रस्त्यानं जायचं टाळतो.

एमएसडब्ल्यूवाली

माझं शिक्षण समाजकार्यातलं (एमएसडब्ल्यू) आहे म्हणून थोडं बोलते. सरांच्या चेंबरच्या मुद्द्याला जोड म्हणून, पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था कोल्हापुरात पण घरोघरी संडासाचं काम करते आणि त्यांची पद्धत अशीच आहे, आधी वस्तीचा घर न् घर नकाशा, ड्रेनेज लाईन कुठवर आलीय ते बघायचं, मग सामान घरपोच द्यायचं आणि बांधकामाची मजुरी कुटुंबानं घालायची. म्हणजे जागा नुसती गरिबीवर ठरत नाही, लाईन आहे का आणि घरवाला हात घालतोय का यावर ठरते.

नाद दादांचं "वस्ती एक नसते" हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कराचीत ओरंगी नावाचा प्रचंड मोठा कच्च्या वस्त्यांचा भाग आहे, तिथं १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं ते वस्ती हे युनिट धरून नाहीच, गल्ली हे युनिट. एका गल्लीत वीस-तीस घरं. गल्लीनं आपला एक माणूस निवडायचा, पैसे आपसात गोळा करायचे, गल्लीतलं गटार स्वतः घालायचं, आणि संस्था फक्त नकाशा, लेव्हल आणि अवजारं देणार, पैसे नाही. मोठी लाईन सरकारची. कुठल्या गल्लीत काम करायचं हे त्यांनी फार ठरवलंच नाही, जी गल्ली तयार झाली ती पुढं आली आणि तिचं बघून शेजारची.

आणि उलटं उदाहरण पण ऐका. अमेरिकेत बोस्टनला डडली स्ट्रीटचा भाग, १९८० च्या दशकात जळालेली घरं आणि रिकामे प्लॉट, तिथं एक देणगीदार फाउंडेशन आणि काही संस्था चांगल्या मनानं एकत्र आल्या, योजना आखली, समिती ठरवली आणि लोकांना दाखवायला सभा बोलावली. लोकांनी उठून विचारलं, तुमच्यातले इथं राहणारे किती? समिती बदलावी लागली, रहिवाशांचं बहुमत करावं लागलं. पुढं १९८८ मध्ये त्या रिकाम्या जमिनी ताब्यात घ्यायचा अधिकारच शहराने त्या लोकांच्या संघटनेला दिला. तुम्ही आत्ता सहाजण आहात ना? सहापैकी सात वस्त्यांत राहणारे किती?

फौंड्रीवाला_शिरोली

शून्य. कळलं.

गल्लीतली_अक्का

मी हे सगळं वाचालोय (आमच्याकडं बायका पण असंच बोलतात, हसायचं नाही) आणि मला आधी रागच आला. तुम्ही निवडणार, तुम्ही मार्क देणार, आम्ही नापास झालो की पैसे मिळणार. आमच्या वस्तीत आत्तापर्यंत कितीजण येऊन गेले. एकांनी भिंती रंगवल्या, फुलपाखरं काढली. एकांनी सर्वे केला, तीन पानांचा फॉर्म, घरात टीव्ही आहे का, नवरा दारू पितो का, लग्न कुठल्या वयात झालं. नवरा दारू पितो का हे नवऱ्यासमोर विचारलं. परत कधी आले नाहीत.

मीटिंग घेतात ती सकाळी ११ ला. ११ ला वस्तीत कोण असतंय? मी चार घरची धुणीभांडी करतो, सकाळी ६ ला बाहेर पडतो ते २ ला येतो. शेजारची भंगार गोळा करायला, पलीकडची हॉस्टेलवर पोळ्या लाटायला. ११ च्या मीटिंगला बसतात ती रिकामी माणसं आणि तीच सांगतात की वस्तीला व्यायामशाळा पाहिजे. मग व्यायामशाळा होते. बायकांना बोलवायचं असेल तर रात्री ९ ला या, जेवणं झाल्यावर, नळाजवळ. खुर्च्या आणू नका.

आता तुम्हाला कुठली वस्ती ते विचारायचं आहे ना. आमच्या गल्लीत एक बल्ब आहे ते सांगतो. संडासाकडं जाताना जो कोपरा वळतो तिथं अंधार होता, रात्री पोरींना एकटं सोडता येत नव्हतं, एक आई उठायची, तिच्या मागं दोघी-तिघी जायच्या. खांबावरचा दिवा लागावा म्हणून अर्ज दिले, लागला, गेला, लागला, गेला. शेवटी आम्ही १४ घरांनी महिन्याला १० रुपये काढायचं ठरवलं. बल्ब मंजूच्या घरातल्या मीटरवरनं (नाव बदललंय). वायर माझ्या भावानं ओढली. पहिल्या महिन्यात भांडण झालं की बिल जास्त येतंय म्हणून मंजू १० रुपये जास्त घेत्येय. मग तिनं बिल भिंतीला चिकटवायला सुरुवात केली, बल्बच्या आधीचं आणि बल्बच्या नंतरचं. दोन घरं देत नाहीत, त्यांच्या पोरी पण त्याच उजेडातनं जातात, आम्ही काही बोलत नाही. चार वर्षं झाली. बल्ब तीनदा फुटला, दोनदा क्रिकेटनं.

हा बल्ब तुमच्या एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमात येतो? वस्तीत गेलात की असला बल्ब बघा. कुठं भिशी असेल, कुठं पोरांना शिकवणारी एखादी बारावी झालेली पोरगी असेल, कुठं गटार तुंबलं की फोन न करता बांबू घेऊन उतरणारी चार पोरं असतील. तिथं पैसे टाका. बाकी ठिकाणी पैसे टाकलात तर ते पांढऱ्या शर्टाकडं जातात.

नाद_न्हाय_करायचा

अक्का नाद खुळा 🔥 बल्बवालं वाचून अंगावर काटा आला

गंगावेशकर

अक्कांचं पटलं, पण एक खुसपट काढतो. बल्ब बघून निवडायचं म्हणजे ज्यांची आधीच थोडी एकी आहे त्यांनाच परत मिळणार. जिथं लोक भाड्यानं राहतात, दर सहा महिन्यांनी बदलतात, किंवा अर्धी वस्ती ऊसतोडीला बाहेर असते, तिथं बल्ब कोण लावणार? एकीला वेळ लागतो, आणि ज्याला रोज हजेरीवर जायचंय त्याच्याकडं तोच नसतो.

इथं शाहू महाराजांचं नाव घेऊन भाषण ठोकणार नाही, ते आपल्याकडं फार होतं, पण बोर्डिंगांचं उदाहरण खरंच लागू पडतंय. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक समाजाची वसतिगृहं महाराजांनी उभी केली. जागा, इमारत, देणगी त्यांची, आणि चालवायचं त्या त्या समाजातल्या पुढाऱ्यांनी. हे अक्कांच्या बल्बसारखंच, जिथं हात पुढं आला तिथं मदत. पण अस्पृश्य समजल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग झालं, त्यांच्या मागं कुठला व्यापारी न् कुठला सावकार होता? आधी तुमच्यात एकी करा, मग बघू, असं त्यांना सांगितलं असतं तर ती पोरं आजपण वाट बघत बसली असती. म्हणून माझं म्हणणं, एक जागा बल्बवाली घ्या आणि एक मुद्दाम बल्ब नसलेली घ्या, आणि दुसऱ्या जागेत पहिलं वर्ष काहीही बांधायचं नाही असं आधीच कबूल करा. नुसतं जात राहायचं.

एमएसडब्ल्यूवाली

@गंगावेशकर हे आवडलं. पण नुसतं जात राहायला माणूस लागतो, आणि देणगीदारांना पगार द्यायचं जिवावर येतं, भिंत बांधायचं येत नाही. १८ लाखातले निदान ५-६ लाख एका माणसाच्या पगाराला बाजूला काढा, शक्यतो त्याच भागातली मुलगी. नाहीतर सगळं रविवारी सकाळी कारमधनं येऊन करायचा कार्यक्रम होतो.

गल्लीतली_अक्का

@गंगावेशकर दादा तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्या मागच्या गल्लीत सगळी भाडेकरू, तिथं बल्ब नाही. पण त्यांच्यात जाऊन बोलायला तुम्ही कशाला, आम्ही जाऊ की. आमच्यातलीच एक त्यांच्या बायकांबरोबर कामाला जाते. बाहेरच्या मॅडमनी येऊन सांगितलेलं आणि मंजूनं भिंतीवरचं बिल दाखवून सांगितलेलं, कुठलं पटेल? तेवढं काम आम्हाला द्या. फुकट करणार नाही हां, यायला-जायला आणि बुडलेल्या रोजाचे द्यायला लागतील.

फौंड्रीवाला_शिरोली

कालपासनं तीनदा वाचलं, पोराला पण वाचायला लावलं. ते म्हणालं बल्बचा कॉलम टाकतो. म्हटलं बाबा राहू दे आता.

आम्ही सहा जण रात्री बसलो. दोघांना अजूनही पहिल्या वर्षी "दिसेल असं" काहीतरी पाहिजे आहे, त्यांच्याशी भांडण चालू आहे, कारण त्यातल्या एकानं पाटीचं डिझाईन पण काढलेलं. पगाराचं मात्र सगळ्यांना पटलं, फौंड्रीत पण मशीन घेऊन ऑपरेटर न ठेवणारा बुडतो हे आम्हाला कळतंय.

ठरलं ते एवढंच. निवड लगेच करायची नाही, दोन महिने सातही ठिकाणी रात्री ९ ला जायचं, फॉर्म न घेता. गुंठेवारीतली एक जागा वाढवायची. ज्या गल्लीला वाटेल तिनं एखादं बारकं काम सुचवायचं, ५,००० पर्यंतचं, आणि कसं केलं, पैसे कुठं गेले ते आपल्या भिंतीवर लावायचं. ते बघून पुढचं. नाल्याकडेच्या वस्तीत काकांनी सांगितलं तसं डबे-माळे-यादी, ते जूनच्या आधी, ते निवडीत धरायचं नाही, ते करायचंच.

निवृत्त_ड्रेनेजवाला

५,००० रोख देऊ नका. साहित्य द्या. पाईप, सिमेंट, बल्ब, काय पाहिजे ते गल्लीतल्या दोघांनी दुकानात येऊन घ्यायचं, बिल तुम्ही भरायचं. रोखीवरनं सख्खे भाऊ तुटलेले बघितलेत.

नाद_न्हाय_करायचा

आणि पांढऱ्या शर्टाला पयल्या दिवशीच जाऊन भेटून या. मागनं कळलं तर तुमचं पाईप रात्रीत गायब होतंय. त्याचा च्या प्या, बघू म्हणा, आणि ९ ला नळावर जावा.

फौंड्रीवाला_शिरोली

हे पण खरंय. @निवृत्त_ड्रेनेजवाला काका, गुरुवारी पहिल्या ठिकाणी जातोय. शुक्रवारी सकाळी ७ ला चेंबर बघायला याल का? ती नळी कुठं मिळते, केवढी घ्यायची?

निवृत्त_ड्रेनेजवाला

विकत घेऊ नका, माझ्याकडं आहे, ३० मीटर, घरी अडगळीत पडलीय. झाकण उघडायची आधी वॉर्ड ऑफिसला कल्पना द्या, त्यांचा माणूस बरोबर पाहिजे. आणि पावसाळी बूट घालून या, चपलावर येऊ नका.

गल्लीतली_अक्का

आमच्याकडं आलात तर ९ म्हणजे ९. साडेनऊला पाणी येतंय, मग कोण थांबणार नाही.